पुळणीचा जबाब

पेंडवण्याच्या खाडीत सरकारी होडी शिरली तेव्हा सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागून तासभर लोटला होता. होडीत दोन माणसं होती. शर्वाणी कुबल, वय एकोणतीस, किनारा तपासणी विभागाची अधिकारी. गुरुनाथ धुरी, वय सहासष्ट, खाडीतल्या शिनाण्यांच्या शेतीचे परवानाधारक. दोघांच्या मध्ये ताडपत्रीखाली थरवाचक यंत्र बांधलेलं होतं. तपासणीच्या वेळी परवानाधारकानं होडीत हजर राहिलंच पाहिजे, असा नियम होता. शर्वाणीनं या खाडीवर नेमणूक मिळावी म्हणून सहा वर्षांत तीन अर्ज केले होते, आणि तिन्ही वेळा हा नियम तिच्या डोळ्यांसमोर होता. हा माणूस समोर बसलेला तिला हवा होता.

सुकाणू धुरींच्या हातात होतं. पाण्याखालचे खडक त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

"मॅडम, चाय घेतल्यात?" त्यांनी थर्मास पुढे केला.

"नको."

"घेवा ओ. विष घालूक नाय त्याच्यात." ते स्वतःच हसले. मग मान तिरकी करून तिच्याकडे पाहत राहिले. "कुबलांची मां तू? दर्शनाची चेडू? अगो, शेंबूड पुसूचा कळत नाय होता तेवा माका गुरूकाका म्हणी होतंस."

"धुरी, होडी डावीकडे घ्या. पहिला नमुना तराफ्यांच्या खालचा आहे."

"घेतंय, घेतंय. सायबीण झालंस."

दोनशे चाळीस तराफे पाण्यावर ओळीनं तरंगत होते. प्रत्येकाखाली दोर लोंबत होते आणि दोरांना शिनाणे, म्हणजे हिरवे शिंपले, द्राक्षांच्या घडांसारखे लगडलेले. ही जात मुद्दाम घडवलेली होती. साध्या शिनाण्याच्या दुप्पट वेगानं ती पाणी गाळायची आणि निम्म्या वेळात वाढायची. शिंपला पाणी आत घेतो, त्यातलं खाण्याजोगं ठेवतो, उरलेलं चिकट गोळा करून बाहेर टाकतो. वर त्याची विष्ठा वेगळी. हे सगळं रात्रंदिवस खाली पडत राहतं. थोडं पडलं तर तळाचे किडे आणि खेकडे ते खाऊन टाकतात. फार पडलं तर ते कुजतं, कुजताना चिखलातला प्राणवायू संपतो, आणि मग प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू कामाला लागतात. ते सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. चिखल काळा पडतो, त्यावर बुरशीसारखा पांढरा पापुद्रा धरतो, आणि शेवटी दोऱ्याएवढा एक लाल किडा तेवढा उरतो.

हे शास्त्र जुनंच होतं. नवीन होतं ते थरवाचक. मेलेल्या प्रत्येक जिवाच्या जनुकांचे तुकडे गाळात मिसळतात, आणि गाळ रोज थोडाथोडा वर चढतो, जुन्या वर्तमानपत्रांची चळत चढावी तसा. यंत्राची नळी मीटरभर खाली जायची, गाळाचा उभा दांडा उचलायची आणि तो मिलिमीटर-मिलिमीटर वाचायची. कोणत्या वर्षी इथे काय जगत होतं, कोणत्या महिन्यात ते थांबलं, हे पडद्यावर उमटायचं. यात एक अजब गोष्ट होती. जिवंत तळ नीट वाचता येत नसे, कारण तिथले किडे आणि शिंपले थर सतत उकरून एकमेकांत कालवतात. तळ मेला की उकरणारं कुणी उरत नाही. त्यानंतरची प्रत्येक तारीख स्वच्छ लागते.

तराफ्यांखालचा दांडा वर आला. काळाकुट्ट, घाण वास मारणारा.

"ह्यात काय नवाल?" धुरी नाकाला रुमाल लावत म्हणाले. "तराफ्यांपासून तीस मीटर सावली कायद्यानं माझी आसा. थय काय मेला तरी चलता."

"चालतं," शर्वाणी म्हणाली. "आता पुळणीकडे घ्या."

धुरींनी लगेच सुकाणू वळवलं नाही.

बायांची पुळण तराफ्यांपासून चारशे मीटर वर, खाडीच्या वळणावर होती. सुकतीला उघडी पडणारी वाळूमिश्रित चिखलाची जीभ. शर्वाणी अकरा वर्षांची होईपर्यंत तिथे गावातल्या बाया ओणव्यानं तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या छोट्या शिंपल्या, काढत. तिची आई सगळ्यांत पुढे. घरी तिसऱ्या उकडून खाल्ल्या की रिकाम्या शिंपा धुवून पुन्हा पुळणीत नेऊन द्यायच्या, ही रीत होती. खाडीचं घर खाडीला परत, असं आई म्हणायची. त्याच शिंपांच्या आडोशानं पुढचं बी धरतं, हे पुढे शर्वाणी पुस्तकात शिकली.

दोन हजार अठ्ठावीसच्या उन्हाळ्यात पुळणीतल्या तिसऱ्या मेल्या. धुरींची शेती सुरू होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. गावात कुजबूज सुरू झाली, आणि ती तराफ्यांपर्यंत पोचायच्या आत धुरींनी गावसभा बोलावली. बायांनी हावरटपणा केला, लहान बीसुद्धा ओरबाडलं, असं त्यांनी सांगितलं. नारळी पौर्णिमेला देवळात गाऱ्हाणं घातलं गेलं. मानकऱ्यानं हात जोडून देवीला साकडं घातलं: "ज्या बायांनी खाडयेचा पोट रिकामा केला, त्येंका बुद्धी दी, आणि त्येंचो पाय परत खाडयेत पडाक देव नको गे आवशी!" आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय महाराजा!"

शर्वाणी आईला खेटून उभी होती. आईनंही "व्हय महाराजा" म्हटलं होतं. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

बाकीच्या बाया वर्षभरात दुसऱ्या खाड्यांवर जाऊ लागल्या. दर्शना कुबलनं मात्र अठरा वर्षांत खाडीच्या पाण्याला पाय लावला नाही. काजूच्या कारखान्यात गर सोलून तिनं मुलीला शिकवलं. आणि मुलगी जे शिकली ते याच एका सकाळीसाठी शिकली.

"वळवा," शर्वाणी पुन्हा म्हणाली.

नळी पुळणीत उतरली. दांडा वर आला. यंत्रानं सव्वीस मिनिटं घेतली. वरचे बत्तीस सेंटिमीटर लाल किडा, जीवाणू, बाकी शून्य. छत्तीसाव्यापासून खाली गर्दीच गर्दी: तिसऱ्या, खेकडे, लेपे, वाळूतले किडे, कालवं, सगळं एकमेकांत घुसळलेलं. एक जिवंत बाजार जणू एका ओळीपाशी येऊन बंद पडला होता. तारीख लागली मे दोन हजार अठ्ठावीस. चूक असली तर नऊ दिवस इकडे-तिकडे.

आणि त्या ओळीवर तीन सेंटिमीटर जाडीचा पट्टा होता. त्यात जनुकं एकाच प्राण्याची. शिनाणे. शेतीतल्या घडवलेल्या जातीची, तिच्या जनुकात बसवलेल्या ओळखखुणेसकट.

शर्वाणीनं अहवाल उघडला. अहवालात एकच रकाना यंत्र भरत नसे. 'मार्ग' असं त्याचं नाव. मारक द्रव्य शेतीतून इथवर कसं आलं? पर्याय दोन होते, 'प्रवाह' आणि 'मानवी हात'. प्रवाह लिहिलं की शेती त्या खाडीला झेपत नाही असं सिद्ध होई. तराफे उचलावे लागत, परवाना संपे. मानवी हात लिहिलं, तर ज्यांनी-ज्यांनी ते केलं, करवलं, त्यांची नावं द्यावी लागत. ती नावं गावसभेत वाचली जात, आणि नाव असलेल्या प्रत्येकाला खाडीबंदी. जन्मभर.

'प्रवाह'. तिनं सहा वर्षं हा शब्द मनात घोळवला होता. बोट पडद्याकडे गेलं.

तेव्हा तिला दांड्यातून काहीतरी टोकदार बाहेर आलेलं दिसलं. तिनं चिमट्यानं ते ओढलं. शिनाण्याची अर्धी शिंप, अंगठ्याएवढी. सांध्यापाशी तिरकी खाच. कच्चा शिनाणा उघडताना सुरीचं टोक जिथे खुपसतात तिथेच.

प्रवाह विष्ठा वाहून आणू शकतो. सुरीनं फोडलेल्या शिंपांचा थर चारशे मीटर वर आणून रचू शकत नाही.

घन वस्तू मिळाली तर ती पिशवीत घालून नोंदवायची असते. शर्वाणीनं ती रुमालात गुंडाळून खिशात टाकली. सहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

"बरा केलंस," मागून धुरी म्हणाले.

ती वळली.

"खिशात घातलंस तां बरा केलंस. माझे डोळे अजून शाबूत आसत." ते सुकाणूवर रेलून बसले होते. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटका होती. "प्रवाह लिव, चेडवा. माझा वय झाला. तराफे मी आनंदान उचलतंय. दर्याची मर्जी, लोक म्हणतले. कोणाचा नाव नाय, गाव नाय. तुझा सूड पण झालो, माझी अब्रू पण रवली."

"आणि हात लिहिलं तर?"

"तर नावां इचारतले." धुरींनी थर्मासमधला उरलेला चहा स्वतःला ओतला. "आणि पयला नाव कोणाचा, तां तुझ्या आवशीक जावन इचार."

*

दर्शना ओट्यावर बसून कोकमं फोडत होती. बोटं तांबडी झाली होती. मुलगी दुपारी बाराला, भर उन्हात, सरकारी बूट न काढता समोर उभी राहिली, तेव्हाच तिला कळलं असावं. तिनं सुरी खाली ठेवली.

शर्वाणीनं रुमाल उघडला.

"ह्या पुळणीत गावला, आई."

दर्शनानं शिंप हातात घेतली, उलटीसुलटी केली. खाचेवरून अंगठा फिरवला.

"ही माझी नाय," ती शांतपणे म्हणाली. "माझी खाच सरळ येता. ही पार्वतीची. तिचो हात वाकडो."

शर्वाणी खाली बसली.

"धुऱ्याच्या शेडवर आमी शिनाणे फोडूक बसो," दर्शना सांगू लागली. "शिंपांचो ढीग माडाएवढो. आमची रीत तुका ठावक. खाडयेचा घर खाडयेक. आमी रोज सांजेक हारे भरून पुळणीत ओतून येव. पाच जणी. दोन महिने." ती थांबली. "तिसऱ्यो आमी उकडून खाव. शिंपी स्वच्छ. शिनाणे कच्चे फोडलेले, शिंपीक मांस चिकटलेला, दोराक धरतत ते केस चिकटलेले. तां काय आमच्या ध्यानात इला नाय. वैशाखात माका वास इलो. मी हारो बाजूक केलंय आणि हातान उकरलंय. खाली तिसऱ्यो तोंडां उघडून पडलेल्यो. सगळ्यो."

"तू कोणाक बोललंस नाय?"

"काय बोलू? आमीच मारलो मां आमचो घास." तिनं तांबड्या बोटांकडे पाहिलं. "देवळात गाऱ्हाणा घातल्यानी तेवा माका वाटला, बायांनी ओरबाडला ह्या खोटा, पण बायांनी मारला ह्या खरा. म्हणान मी म्हटलंय, व्हय महाराजा."

ओट्याच्या कडेनं मुंग्यांची रांग कोकमाच्या रसाकडे चालली होती. शर्वाणी त्या रांगेकडे बघत राहिली. अठरा वर्षं जिचा अपमान ती उराशी धरून वाढली होती, ती बाई अपमान समजून तो सोसत नव्हतीच. शिक्षा समजून भोगत होती. सूड कुणाचा घ्यायचा, हेच आता राहिलं नव्हतं. 'प्रवाह' लिहावं, तराफे उचलले जावेत, चार-पाच वर्षांत पुळणीत बी धरेल, आईला हाताला धरून तिथे न्यावं. धुरी म्हणाला तेच बरं.

"शिंपी पुळणीत न्यायच्या, ही कल्पना तुमचीच?" तिनं विचारलं. सवयीनं. तपासणीत हा प्रश्न विचारायचाच असतो.

"रीत आमची. पण आमी आधी पाटी-दोन पाटीच न्हेव. गुरुनाथच म्हणालो, अगे, तुमची रीत आसा मां? मगे सगळोच ढीग न्हेवा, देवीक बरा वाटात. होडी पण दिल्यान. माघ महिनो."

शर्वाणीनं मान वर केली. मग तिनं पाठीवरची पिशवी पुढे ओढली आणि परवान्याची फाईल उघडली. ती तिनं तीनदा वाचली होती. अटी वाचताना नजर घसरते तशी तिचीही घसरली होती, कारण प्रत्येक परवान्यात त्याच अटी असतात.

"अट क्रमांक सात," ती ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. "फोडलेल्या शिंपा किमान साठ दिवस जमिनीवर वाळवाव्यात. मांस चिकटलेल्या शिंपा कोणत्याही परिस्थितीत खाडीत अथवा नैसर्गिक शिंपल्यांच्या जागेवर टाकू नयेत, तसे केल्यास तेथील जीव गुदमरून मरतात."

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"तारीख?"

"सोळा नोव्हेंबर, सत्तावीस. खाली लिवलेला आसा, वाचले व समजले. सही, गुरुनाथ धुरी."

"नोव्हेंबर," दर्शना म्हणाली. तिनं बोटांवर मोजलं. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. चौथ्या बोटावर ती थांबली. "म्हणजे माका होडी दिल्यान तेवा त्येका ठावक होता."

"होय."

"आणि देवळात माझ्या बाजूक उभो रवलो, तेवा पण."

"होय, आई."

दर्शना उठली. न्हाणीत जाऊन तिनं हात धुतले. लिंबाची फोड चोळून-चोळून धुतले, तरी तांबडा रंग गेला नाही. बाहेर आली तेव्हा तिनं कारखान्यात जाताना नेसायचं चांगलं लुगडं नेसलं होतं.

"काय लिवतलंस?"

"आई, हात लिवला तर तुझा नाव येतला. तुझा, पार्वतीकाकीचा, सगळ्यांचा. वाचून दाखवतले गावात. आणि बंदी कायद्याची आसता, देवाची नाय. पुळण परत जगली, तरी तुका मरेसर थय पाय ठेवूक गावाचो नाय." शर्वाणीनं फाईल मिटली. "मी तुका थय न्हेवच्यासाठी ह्या सगळा शिकलंय."

"पार्वती मेली. तिघी मुंबैत, त्येंका खाडी कित्याक व्हयी." दर्शनानं चपला शोधल्या. "माझा नाव वर घाल. माझ्या खाली त्येचा घाल. अट सात पण घाल, अक्षर न गाळता. एकट्या प्रवाहाच्या नावार सुटान जातलो? अठरा वर्सां मी देवीकडे माफी मागतंय, शरू. रोज. आणि तो माणूस माझ्या दारावरून जाताना इचारी, काय गे दर्शना, बरी मां?"

तिचा आवाज चढला नव्हता. शर्वाणीला त्याचीच भीती वाटली, आणि भीतीच्या तळाशी तिला स्वतःचाच राग पुन्हा सापडला. या वेळी त्याला धार होती आणि नेमका पत्ता होता.

*

धुरी धक्क्यावर बाकावर बसले होते. त्यांची स्वतःची होडी समोर, धक्क्याच्या शेवटच्या पायरीपासून वीसेक पावलांवर, गुडघाभर पाण्यात नांगरलेली. दोघी येताना दिसल्या तसे ते उठून उभे राहिले.

"ये गे दर्शना. खूप दिवसांनी इलंस हय."

दर्शना पाण्यापासून दहा हात अलीकडे थांबली.

शर्वाणीनं यंत्राचा पडदा उघडला. रुमालातली शिंप तिनं नमुन्याच्या पिशवीत घातली, वर वेळ लिहिली, आणि उशिरा नोंद का झाली याच्या पुढे लिहिलं: तपासणी अधिकाऱ्याने लपवली होती. नातेसंबंधाच्या रकान्यात लिहिलं: पहिली व्यक्ती माझी आई. यामुळे आपली चौकशी होईल आणि बहुधा हे पद जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं 'मार्ग'समोर 'मानवी हात' निवडलं, नावं भरली आणि समोर हजर असलेल्या दोघांची मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अधिकाऱ्यानं तो भाग संबंधितांना वाचून दाखवायचा असतो.

"दर्शना महादेव कुबल. टाकणारी. परिणामाची माहिती नव्हती."

दर्शनानं मान हलवली.

"गुरुनाथ सखाराम धुरी. टाकण्यास सांगणारा आणि त्यासाठी होडी पुरवणारा. अट क्रमांक सातनुसार परिणामाची लेखी माहिती होती."

"अगो, थांब!" धुरी दोन पावलं पुढे आले. "तुका कळता काय करतंस तां? स्वतःच्या आवशीक परत गावासमोर उभी करतंस? दर्शना, अगे सांग तिका! प्रवाह लिव म्हणा. तू पण सुटतलंस, मी पण सुटतलंय."

"मी कित्या सुटू?" दर्शना म्हणाली. "मी केललंय."

"मगे तुका ह्याच्यात मेळला काय? माका बुडवून? तुका पण बंदी पडतली, कळला काय? जन्माची!"

"माका ती आसाच, गुरुनाथ." दर्शनानं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "इतकी वर्सां एकटी होतंय. आता सोबत गावली."

दोन वाजून बावन्न मिनिटांनी अहवाल गेला. पंचावन्नला पोच आली. कायद्याप्रमाणे तात्पुरती बंदी पोचेच्या क्षणापासून लागू होते, आणि शर्वाणीनं तेही वाचून दाखवलं: नाव असलेल्या व्यक्तीनं खाडीच्या पाण्यात वा पुळणीत पाऊल ठेवू नये.

भरती सुरू झाली होती. धुरींच्या होडीचा दोर ताणला जाऊ लागला. नांगर उथळ पाण्यात टाकलेला, आणखी अर्ध्या तासात तो सुटला असता. धुरी धक्क्याच्या पायऱ्या उतरले. शेवटच्या कोरड्या पायरीवर त्यांनी चपला काढल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि एक पाय उचलला.

शर्वाणी हातात यंत्र घेऊन वर उभी होती.

पाय हवेत राहिला. मग धुरींनी तो मागे घेतला. पाणी पायरीवर चढलं तसे ते एक पायरी वर आले. मग आणखी एक.

"शरू," दर्शना म्हणाली, "माका बाकार बसूक दी जरा. माका बघूचा आसा."